कोऱ्या भिंतीची खोली

तीर्थरूप आईस,

पाया पडतो. मी ठणठणीत आहे.

आमच्या लॉजवरची गिऱ्हाइकं बदलली आहेत. पूर्वी लोक चार दिवस पोहायला यायचे. आता सहा-सहा महिने राहतात आणि दिवसभर लॅपटॉपवर आपल्या ऑफिसचं काम करतात. परवा एका बाईंना समुद्राकडची खोली दाखवली. त्या म्हणाल्या, "उजेड फार आहे, लाटांचा आवाजही येतो. मीटिंगसाठी मागे कोरी भिंत हवी." मग इतक्या लांब आल्या कशाला, ते मला काही कळेना.

तू येणार म्हणून मी राहतो त्या मागच्या खोलीला पांढरा रंग दिला होता. बाईंना नेमकी तीच आवडली. मालकीणबाईंनी लगेच देऊनही टाकली. समुद्राकडची रिकामी आहे, पण तिला कुलूप. मी सध्या चादरींच्या खोलीत झोपतो. पाय पसरता येत नाहीत, पण मला कुशीवर झोपायची सवय आहेच.

तुझा गुडघा कसा आहे? तिकीट काढलं नसशील तर जरा थांब. काढलं असशील तर ये, आपण वाळूवर समुद्र बघत बसू. ती जागा अजून कुणी मागितलेली नाही.

तुझा,
धाकटा