शेवटची वीस मिनिटं

बाई, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आणि परवा मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.

पुण्यात जर्मनच्या वर्गात तुम्ही त्याची कॅसेट लावली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शाळकरी मुलं, अंगात सैनिकांचे ढगळ कोट, दुसरं महायुद्ध संपत आलेलं आणि त्यांना राखायला दिलेला गावातला पूल. मुलं पुलावर उभी राहिली आणि तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. "शेवट घरून लिहून आणा, जर्मनमध्ये." मागून कुणीतरी विचारलं, "बाई, इंटरव्हल किती वेळ?" तुम्ही हसला नाहीत. मी लिहिलं, मुलांच्या आया आल्या आणि त्यांना कान धरून घरी घेऊन गेल्या. वही परत देताना तुम्ही म्हणालात, "विभक्त्या सगळ्या चुकल्यात गं. राहू देत." मला वाटलं, तुम्हाला तपासायचा कंटाळा आला असेल. खरा शेवट मी कधी शोधलाच नाही.

परवा इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या स्वयंपाकघरात माझा मुलगा लॅपटॉपवर तोच सिनेमा बघत होता. त्याला शाळेत त्यावर बोलायचं होतं. मी मेथी निवडता निवडता पाहत होते. मुलं एकेक करून मरतात. तो पूल त्यांचंच सैन्य उडवून देणार होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

"यांच्या आया कुठे होत्या रे?"

"होत्या की. ऐकलं कुणी त्यांचं?"

तो नुकताच अठरा वर्षांचा झाला. इथलं सैन्य आता या वयाच्या मुलांना पत्र पाठवून विचारतं, तुम्ही यायला तयार आहात का? मुलांना उत्तर द्यावंच लागतं. "आल्झो, मी बहुतेक हो म्हणेन," तो मागेच त्याच्या जर्मनमिश्रित मराठीत म्हणाला होता, मीठ दे म्हणावं इतक्या सहज. सिनेमा संपल्यावर मी पुन्हा विचारलं. "तेव्हाचं वेगळं होतं, आई."

तुम्ही आम्हाला तो शेवट दाखवायला हवा होता का, मला ठरवता येत नाही.

तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्याच्या नावाचं सैन्याचं पाकीट मंगळवारीच आलं. आपल्याकडे मुलांची पत्रं आयाच फोडायच्या. इथे तो गुन्हा आहे. मी फोडलं नाही, तूरडाळीच्या डब्यामागे ठेवलं. स्मरणपत्र येईल, तेही कळतं. आज सकाळी त्याने विचारलं, "माझी काही पोस्ट?" मी नाही म्हटलं, आणि ते म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.