अपेंडिक्स नव्हतं

आईस,

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. माझी गर्भपिशवी काढली. चार वर्षं अंगावरून इतकं जायचं, की शिलाई मशीनवरून उठताना आधी खुर्ची पाहायचे. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थांबलात तर जिवावर बेतेल." हे म्हणाले, "मला तू हवीस." तरी सही करायला मला महिना लागला.

आता अंगात ताकद आहे, खुर्ची स्वच्छ असते. पण दुकानात झबलं शिवायला आलं, की मी ते दुसरीकडे सरकवते.

काल फोनवर तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी तरी गोड बातमी दे गं!" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्यावर तू इतकी खुशीत हसलीस, की आता हे पत्र पाठववत नाही.

तुझी,
धाकटी