काचेवरचा तपकिरी थर

३ नोव्हेंबर, सोमवार
दवाखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा आज चोविसावा दिवस. क्षार १.०२५. तापमान २६. दोन्ही बरोबर. तरी वाळूवर पुन्हा तपकिरी थर. कालच दगड बाहेर काढून ब्रशने घासले होते. गाळणीचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला होता. डॉक्टर मॅडमनी (डॉ. मॅ.) नुसतं बघितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
काच दोनदा पुसली. दात काढायला आलेल्या एक आजी टाकीपाशी वाकल्या. "काय रं, माशांना चहा पाजलास का?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो.
केसपेपर काढण्यापलीकडे मला दिलेलं हे पहिलंच काम. बारावी राहिली ती राहिली. निदान हे तरी...

८ नोव्हेंबर, शनिवार
डॉ. मॅ. : "चौदाला बालदिनाची मोफत तपासणी आहे, शाळेची मुलं येतील. टाकी स्वच्छ दिसू दे. जमत नसेल तर महिनाअखेरीला दुकानदाराला परत देऊन टाकू, माशांसकट." रागावून नाही म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन्ही मासे बादलीत. दगड, वाळू, स्पंज, मोटर, सगळं नळाखाली. अर्धं पाणी नवीन. सहा तास लागले. घरी जायला शेवटची टमटम मिळाली. पाठ भरून आली आहे, पण टाकी आणली त्या दिवशीसारखी दिसते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मुलं काचेला नाक लावून उभी. एक जण : "दादा, ह्यांना दात असतात का?" मला माहीत नव्हतं. डॉ. मॅ. "छान" म्हणाल्या.
संध्याकाळी धाकटा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
धाकटा गेला.
दुकानदाराला फोन केला. "स्पंज नळाखाली धुतलास? अरे भाई, माशांची घाण खाणारे जिवाणू त्यातच राहतात. नळाच्या क्लोरीननं मेले सगळे. तू दर वेळी टाकी पहिल्या दिवसावर आणून ठेवतोस. तो तपकिरी थर म्हणजे शेवाळ, नवीन टाकीत येतंच. येऊ दे. जाईल महिना-दीड महिन्यात."
म्हणजे मासा शेवाळाने नाही गेला.
वही मागे चाळली. दर रविवारी 'स्पंज स्वच्छ धुतला', माझ्याच अक्षरात. अक्षर वळणदार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
जेवण गेलं नाही. आई दुधाला विरजण लावत होती, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "विरजण लावल्यावर भांडं दहादा हलवलं तर दही लागंल का रं? ल्हानपणी बी तुजं हेच. झाकण काढायचं नि बोट घालायचं, झालं का, झालं का."
"मग करू काय?"
"कायबी नको करू. तेच तर तुला जमत नाय."
"आणि मॅडमना काय सांगू?"
"हाय ते सांग."

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं. वाक्य घरून लिहून नेलं होतं : मासा माझ्या धुण्यामुळे गेला. डॉ. मॅ. बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू."

२४ नोव्हेंबर, सोमवार
तपकिरीचं हिरवं झालं. दगडांवर केसांसारखं. फक्त समोरची काच पुसतो. बाकी वेळ हात खिशात. त्या आजी कवळीचं माप द्यायला आल्या. "चहा सरला वाटतं. आता पालक लावलास?" आज हसू आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
दुकानदार सोमवारी टाकी न्यायला येणार का, माहीत नाही. मी विचारलं नाही.
थोरला खातो आहे. वाळूत डाव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा पांढरी दिसली. काल होती की नव्हती, आठवत नाही. काचेवर बाहेरून पेनाने तिच्याभोवती गोल केला, वाढते का ते कळायला.
उद्या रविवार. दवाखाना बंद, किल्ली माझ्याकडे.
दगड घासायचा ब्रश पिशवीतून घरी आणला आणि आईकडे दिला. तिने कुठे ठेवला ते बघितलं नाही.