अनध्यायाचे दिवस

सोमवार, ता. ८ ऑगस्ट १९१०

कालच्या नोंदीत एक चूक राहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. ‘भूमितीचं पुस्तक संपलं’ असं लिहिलं आहे. ते ‘सापडलं’ असं हवं. घाईत लिहिलं गेलं. पुस्तक आत्याच्या माळ्यावर, पापडांच्या डब्याखाली होतं. सापडल्याचा आनंद संपल्याइतकाच झाला, त्यामुळे चूक अगदीच खोटी म्हणता येणार नाही. तरीपण रोजनिशीत खोटं नको.

टेस्ट २६ सप्टेंबरला. टेस्टमध्ये जो पास होईल त्यालाच हेडमास्तर नोव्हेंबरात मॅट्रिकला पाठवणार. आण्णांनी मला आजऱ्याहून इथे बनाआत्याकडे ठेवलं ते याचसाठी. इंग्रजी तिसरीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. गेल्या महिन्यात आले तेव्हा साफ सांगून गेले: चंदगडचे पावणे बघायला यायचं म्हणतायत. टेस्ट पास झालीस तर त्यांना ‘नाही’ कळवतो. नाही झालीस तर दसऱ्यानंतर बोलावतो.

मला लग्न नको आहे. मला मॅट्रिक व्हायचं आहे. म्हणजे अभ्यास करायचा आहे. इतकं स्पष्ट आहे.

आज श्रावणी सोमवार. उपाशीपोटी भूमिती डोक्यात राहत नाही. उद्या पहाटेपासून.

मंगळवार, ता. ९ ऑगस्ट

उठले तेव्हा पहाट होऊन गेली होती. अर्ध्यातून सुरुवात करणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवार, ता. १२ ऑगस्ट

मॅट्रिकच्या वर्गात मुली दोनच, मी आणि नजीरा. तिचे वडील बाबालाल सरकारी पागेत घोड्यांना नाल ठोकतात. घर आमच्या मागच्याच बोळात. दोघींनी मिळून अभ्यास करायचं ठरलं. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही, हा नियम मी घातला.

आज मात्र जुम्मा. तिचा नमाजाचा दिवस. तिच्या सुट्टीत मी एकटीने वाचलं तर नियम मोडेल. म्हणून वाचलं नाही. तिला हे बोलून दाखवलं नाही. केलेले उपकार बोलू नयेत.

शनिवार, ता. १३ ऑगस्ट

अष्टमी. आण्णांचा नियम लहानपणापासून आहे: प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्याय. त्यांना तो त्यांच्या पंतोजींनी घालून दिला होता. आजऱ्याला या दिवशी माझी पाटी खुंटीवरून उतरलीच नाही कधी. गाव सोडलं म्हणून संस्कार सोडायचे का?

रविवार, ता. १४ ऑगस्ट

हायस्कुलाची सुट्टी. हा सरकारी नियम आहे. मी सरकारपेक्षा शहाणी नाही.

आत्या म्हणाली, “शुक्कारी बसून, शनवारी बसून, आज बी बसून. तुझ्या पुस्तकाला येवढ्या सुट्ट्या, मग माझ्या चुलीनं काय घोडं मारलंय गं?” आत्याला तिथी कळतात, पण त्यांचा अर्थ कळत नाही.

बुधवार, ता. १७ ऑगस्ट

आज दिवसभर नेटाने काम केलं. टाइम-टेबल तयार झालं. इंग्रजी तांबड्या शाईत, संस्कृत हिरव्या, इतिहास निळ्या. जॉमेट्रीच्या वेळेला काळी शाई संपली, म्हणून महाद्वारातल्या दुकानापर्यंत जाऊन आले. कडेने वेलबुट्टी काढली. आत्याला वाटलं रांगोळीचा नमुना. शेजारच्या धोंडुबाईला बोलावून दाखवला.

टाइम-टेबल फार देखणं झालं आहे. घाईघाईने अमलात आणून त्याची शोभा घालवू नये.

गुरुवार, ता. २५ ऑगस्ट

जॉमेट्री सुरू! चार सिद्धांत वाचले. पाचव्यापाशी अडले. समद्विभुज त्रिकोणाचे पायाकडचे दोन कोन सारखे असतात, हे सिद्ध करायचं. आकृती काढली. कोन सारखे दिसले. दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं?

आत्याला पाटी दाखवली. ती म्हणाली, “सारखंच हायत की. न्हाईत असं कोण म्हणालंय? त्येला माझ्याकडं धाड.”

मुद्दा बिनतोड आहे. पण पाचवा पक्का झाल्याशिवाय सहावा घेणार नाही. पाया कच्चा ठेवून वर इमला चढवणारी मी नव्हे.

रविवार, ता. ४ सप्टेंबर

काल अमावास्या, आज प्रतिपदा आणि वर रविवार. दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या म्हणजे एक वाया गेली. ती उद्या भरून घेण्यात काही गैर दिसत नाही.

गुरुवार, ता. ८ सप्टेंबर

काल गणपती बसले. नजीराचा रमजान सुरू आहे. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. तिच्यासमोर मी तांब्या तोंडाला कसा लावणार? तहान तर मला पुस्तक उघडलं की लागतेच. म्हणून तिच्याकडे जाणं सध्या थांबवलं आहे. एकत्र वाचायचं थांबलं, आणि एकटीने पुढे जायचं नाही हा नियम आहेच.

आज बोळात भेटली. मी विचारलं, रोज्यात वाचवतं कसं? म्हणाली, “तोंडाला कोरड पडती, बोलू वाटत न्हाई. मग वाचायचंच ऱ्हातंय की. तुजं कुठवर आलं?”

मी म्हटलं, मी मुळापासून करते आहे.

“महिना झाला मुळापासनंच करतीयास. मुळाशी बसून झाड उगवाय लागलीयास व्हय?” मग बोटांवर मोजत म्हणाली, “तुझी अष्टमी देवाची, ऐतवार सायबाचा. ही शुक्कारची सुट्टी कुणाची गं?”

‘तुझी’ असं ओठांवर आलं होतं. पण उपकार बोलायचे नसतात. हसायची सवयच आहे तिला.

बुधवार, ता. १४ सप्टेंबर

घरात आरत्या आणि मोदक. अभ्यासाला मोकळी हवा पाहिजे, म्हणून पुस्तक घेऊन रंकाळ्यावर गेले. म्हशी डुंबत होत्या. वारा छान होता, पानं आपोआप उलटत होती. दोन तासांत पुस्तक बरंच पुढे गेलं.

रविवार, ता. १८ सप्टेंबर

पुस्तक उघडलं नाही म्हणून भीती वाटते. भीती वाटते म्हणून पुस्तक उघडत नाही. याची आकृती काढली तर वर्तुळ येईल, आणि वर्तुळं तिसऱ्या भागात आहेत. तिथवर मी पोचलेली नाही.

घरी आण्णा समोर बसायचे. मी म्हणून दाखवलं की मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्यासाठी मी अख्खा शब्दकोश पाठ केला असता. इथे कुणासाठी म्हणून दाखवायचं? आत्या ऐकते, पण मध्येच विचारते, भाकरी किती थापू?

(ही वरची ओळ भावनेच्या भरात लिहिली गेली. उद्या खोडावी.)

शुक्रवार, ता. २३ सप्टेंबर

टेस्ट सोमवारी. म्हणजे अभ्यासाचे तीन दिवस. त्यात आज जुम्मा आणि परवा रविवार. उद्याचा शनिवार मात्र पूर्ण माझा. न कोणती तिथी, न कोणती सुट्टी. उद्या सगळं.

शनिवार, ता. २४ सप्टेंबर

आत्याकडे आजेसासऱ्यांचं श्राद्ध निघालं. वडे तळले.

मंगळवार, ता. २७ सप्टेंबर

कालचा इंग्रजीचा पेपर बरा. आज जॉमेट्री. आज अष्टमी! हेडमास्तरांना तिथीचं सोयरसुतक नाही.

पाचवा सिद्धांत विचारला होता. आकृती सुबक काढली. खाली लिहिलं, ‘हे उघडच दिसते.’ अक्षर वळणदार आलं. पुढच्या प्रश्नांना जागा मोकळी सोडली आहे. निदान चुकीचं काही लिहिलेलं नाही.

शनिवार, ता. १ ऑक्टोबर

फळ्यावर नावं लागली. नजीराचं आहे. माझं नाही.

दोनदा वाचलं. मग खालून वर वाचलं.

परत येताना नजीरा बरोबर होती. मी विचारलं, दर आठवड्याला तुझा शुक्रवार बुडत होता, तरी तुझं सगळं पुरं झालं कधी? ती रस्त्यातच थांबली. “माझा शुक्कार? शुक्कारची नमाज मशिदीत, बाप्यांची. अब्बा जातात, आमचा दादा जातो. घर मोकळं असतंय, आवाज न्हाई, गलका न्हाई. माझा निम्मा अभ्यास शुक्कारचाच हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हंजे तू माझ्यासाठनं न्हाई वाचलीस? या अल्ला! अगं एकदा विचारायचंस तरी!”

आणि हसायच्या ऐवजी रडायला लागली. तिला समजवत घरापर्यंत पोचवलं.

गुरुवार, ता. ६ ऑक्टोबर

सकाळी नजीराकडून ईदचा शीरखुर्मा आला. दुपारी आजऱ्याहून आण्णा आले, गाडीच्या धुळीने पांढरे झालेले. हेडमास्तरांचं पत्र त्यांना आणि तिथून बातमी चंदगडला आधीच पोचली होती, तरी मी पाया पडून उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. एवढंच विचारलं, की वेळ कमी पडला का?

मी म्हटलं, आपले अनध्याय काटेकोर पाळले, त्यामुळे दिवस थोडे उरले.

आण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला. “अनध्यायाला तू पुस्तकच उघडलं न्हाईस?”

मी म्हटलं, आपलाच नियम.

“अगं, नवा धडा घ्यायचा न्हाई, येवढाच नियम. मागचं घोकायचा दिवस तो! न्हाईतर पंतोजींनी आम्हांला सोडलं असतं व्हय?” मी म्हटलं, घरी तर पाटी खुंटीवरच राहायची. तेव्हा आण्णा आत्याकडे बघून जरा हळू बोलले, “ते... सकाळभर शाळेत पोरं हाकून यायचो. महिन्यातनं सात-आठ दुपारी मला झोप पायजे हुती. तू ल्हान हुतीस. तुला ‘झोपतो’ म्हणून कसं सांगायचं? म्हणून तिथी सांगितली.”

आत्या हसता हसता चुलीपुढे बसली ती उठेना. “बापाची झोप अन् लेकीची मॅट्रिक!” म्हणाली.

मला हसू आलं नाही. काय आलं ते नीट सांगता येत नाही.

रात्री जेवताना चंदगडची गोष्ट निघाली. पावणे रविवारी, १६ तारखेला इथेच येणार. मुलगा सयाजी, भाताची शेती, काजूची झाडं. तो स्वतः तीनदा मॅट्रिक नापास. त्याचे वडील हंबीरराव यांना धास्ती होती की मुलगी पास व्हायची आणि घरात मुलाच्या वरचढ बसायची. आता निरोप आला आहे, की जोडा बरोबरीचा झाला. पसंत पडली तर त्याच दिवशी सुपारी फोडायची.

आण्णा हात धुताना म्हणाले, “शालू, जबरदस्ती न्हाई. पुढच्या साली परत टेस्टला बसायचं आसंल तर तसं सांग, मी बघतो पावण्यांचं. पर सुपारी फुटायच्या आधी सांग. मागनं माझा शब्द फिरत न्हाई.”

आता मात्र सगळं माझ्या हातात आहे. किती बरं वाटलं! सांगणारच आहे.

मंगळवार, ता. ११ ऑक्टोबर

काय सांगायचं त्याचे मुद्दे काढले. सुरुवात आदराची हवी, मधला भाग ठाम, शेवट मऊ. सुरुवात तीन प्रकारांनी केली. आण्णा इथेच आहेत, दसरा करूनच जाणार. ओसरीवर बसून पान खातात. घाई कसली?

शुक्रवार, ता. १४ ऑक्टोबर

काल दसरा. सकाळी बोलणार होते, पण सगळी महाराजांची स्वारी बघायला निघाली. हत्तीपुढे असलं बोलणं बरं नव्हे. संध्याकाळी सोनं देताना पाया पडले. आण्णा म्हणाले, काय मनात हाय का? मी म्हटलं, काही नाही, दसऱ्याच्या शुभेच्छा.

आज नजीरा आली होती. ती आता मॅट्रिकची तयारी करते, तरी वेळ काढून आली. मला ओसरीकडे ढकलत म्हणाली, “आत्ता सांग. ते बघ बसलेत. चार पावलं हायत. मी येतो संगं, हात धरतो तुझा, जा की गं!” पण आण्णा तेव्हा अडकित्ता शोधत होते. माणूस काही शोधत असताना त्याला दुसरं सांगू नये. आणि माझा मधला भाग अजून ठाम झालेला नाही.

सगळा विचार शांतपणे केला. उद्या शनिवार, आण्णा बाजारहाटाला जाणार, दमून येणार. रविवारी सकाळी पावणे. चारचौघांत बापाला तोंडघशी पाडणं संस्कारात बसत नाही. राहता राहिली सुपारीची अट. आण्णा म्हणाले ‘आधी सांग’, हे खरं. पण त्यांचे नियम अक्षरशः धरायचे नसतात, हेच तर मी या वर्षी मोठी किंमत देऊन शिकले. ती चूक मी पुन्हा करणार नाही.

तेव्हा पावणे जाऊ देत, घर निवांत होऊ दे, आण्णांची झोप पुरी होऊ दे. मग एका दमात सगळं सांगून टाकणार. दिवस पक्का ठरवला: सोमवार, ता. १७ ऑक्टोबर १९१०, सकाळी.