फुग्यांच्या प्लास्टिकला हात लावू नकोस
दादा,

आपल्या सामानाची रिकामी खोकी खालच्या बिऱ्हाडाला दिली, आता तेही घर बदलताहेत. गुंडाळायच्या कागदांनी नव्या घराच्या खिडक्या पुसल्या. कचरा म्हणत होतास ना? घे!

पण कपबश्यांना गुंडाळलेलं फुग्यांचं प्लास्टिक टाकलंस तर खबरदार! आजारपणापासून बाबांचा उजवा हात निपचित होता, व्यायामाचा चेंडूही ते धरत नव्हते. आज ते प्लास्टिक सहज त्यांच्या मांडीवर ठेवलं, तर उजव्या अंगठ्याने फट्‌कन फुगा फोडला. उजव्या! मग दुसरा. मी काढून घ्यायला गेले तर माझ्यावरच खेकसले.

मी कामावर निघाले. आज दारातूनच "बरं आहे ना?" विचारून सटकू नकोस. एक अख्खी पट्टी त्यांनी राखून ठेवलीय. म्हणाले, "त्याला म्हणावं, बस समोर. बघू कोण जास्त फोडतो."

छोटी