पत्र्याखालचं माहेर

१४ एप्रिल १९८६, सोमवार

जावई शरणप्पा नांदेडहून आले आणि दुपारच्या एस.टी.ने परत गेले. चाकुरात थांबायला त्यांना नको होतं. बोलणं मुद्द्याचं. इंदूला सातवा संपत आला. पाय सुजतात, रक्तदाब चढतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की उन्हाची झळ लागता कामा नये. तेव्हा पहिलं बाळंतपण असलं तरी यंदा माहेरी पाठवावं का, असा त्यांच्या घरी विचार चाललाय. त्यांचं स्लॅबचं घर. शिवाय कूलर घेतला.

हे सगळं सांगताना जावई सारखे आमच्या मधल्या खोलीच्या पत्र्यांकडे बघत होते. मी म्हटलं, आज वारा पडलाय, एरवी असं नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी नाही तर कुठे? इंदू स्वतः याच खोलीत जन्मली. जावई गेल्यावर बायकोने, रत्नम्माने, एवढंच विचारलं, "पत्रे कुणी घातले?"

या प्रश्नाला मी उत्तर देत नसतो.

संकल्प: व्याही वीरण्णा बसव जयंती झाली की स्वतः घर बघायला येणार आहेत. तोवर खोली इतकी थंड करायची की त्यांनी शाल मागितली पाहिजे.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळ.

पत्र्यांबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला गावभर पेढे. मला वाटलं, नवा जिल्हा, आपणही काही नवं करावं. मधल्या खोलीवर माळवद होतं. लाकडी सऱ्यांवर हातभर पांढरी माती, पावसाळ्याआधी दरवर्षी वर आणखी थोडी. खाली सदा अंधार. अंधारात कविता सुचत नाही. शाळेत जन्मभर चौथीच्या वर्गाला पावसाच्या कविता शिकवल्या. वर्गावर पत्रे होते. पाऊस आला की पोरं वहीत डोकं घालायची आणि मी फळ्याकडे तोंड करून नुसता ऐकत उभा राहायचो. रिटायर झाल्यावर तो आवाज घरी असावा असं वाटलं, यात काय चुकलं?

पत्रे बसल्यावर एकदा पाऊस नीट झाला, तेव्हा मी मोतीबिंदूसाठी नांदेडला. त्यानंतर पावसाने जे तोंड फिरवलं ते आजपर्यंत. याला पत्रे काय करणार?

माळवदाची माती दारात ढीग होऊन पडली होती. शेजारच्या नागप्पाने मागितली, आपल्या माळवदावर टाकली. बरं झालं. अंगण मोकळं झालं.

कवितेची पहिली ओळ तयार आहे. 'पत्र्यावरती ताशा वाजे'. दुसरी आवाज ऐकून लिहायची.

२० एप्रिल, रविवार

वर्तमानपत्रात इन्सुलेशनवर लेख आला. मी त्याला 'उष्णतारोधन' असा प्रतिशब्द काढला. निम्मं काम तिथेच झालं.

लेखात म्हटलंय की पांढरा रंग ऊन परतवतो. चुना आणला, भिजवला. शिडी नागप्पाने धरली. वरून गाव किती सुंदर दिसतं, किती वर्षांनी बघितलं. खाली उतरायला वेळ लागला म्हणून नागप्पा कुरकुरला. पत्रा बगळ्यासारखा झालाय. दुपारी खोलीत बसलो. फरक आहे. रत्नम्मा म्हणते नाही. तिला फरक जाणवायला वेळ लागतो.

२२ एप्रिल

वावटळ. अर्धा चुना नागप्पाच्या अंगणात, उरलेला खिळ्यांच्या भोकांतून काठवटीत. रत्नम्मा म्हणाली, भाकरीत चुना हाय. मी म्हटलं, कॅल्शियम. बाळंतिणीला चांगलं असतं. तिने काठवट उचलली आणि शांतम्माकडे गेली, म्हणजे नागप्पाच्या घरी. हल्ली रोज दुपारी तिथेच असते. त्यांच्याकडे फार गार वाटतं म्हणे. अंधार आहे, गार वाटणारच.

२७ एप्रिल, रविवार

उत्तम कल्पना. पत्र्याच्या खाली दुसरं छत. मध्ये हवा कोंडते आणि उष्णता तिथेच अडते. शास्त्र आहे.

शाळेत मोडीत काढलेले कापडी नकाशे पडून होते. हेडमास्तर माझाच विद्यार्थी, दिले त्याने. सगळे वर ठोकले. बाजेच्या बरोबर वर जुना उस्मानाबाद जिल्हा आला. त्यात लातूर अजून तालुकाच आहे. दुपारभर उताणा पडून पाहत होतो. मांजरा नदीवर बोट ठेवायला कधी कुठल्या पोराला बोलावलं, कोण चुकला, कोण रडला, सगळं आठवलं. नदीत निळं पाणी होतं. नकाशात अजून आहे.

इंदूला हे छत आवडेल. बाळाला भूगोल आपोआप येईल.

३० एप्रिल

विंचू. निलंग्याच्या आसपास कापड उसवलं होतं, तिथून खाली पडला. बाजेवर. रत्नम्मा इंदूसाठी गोधडी घालून बघत होती, तिच्या हातापासून वीतभर. तिने वहाणेने ठेचला आणि खाली बसली. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. मग म्हणाली, "लेकीच्या अंगावर पडला असता तर?"

सगळे नकाशे तिने स्वतः ओढून काढले. मी शिडी धरली.

नकाशे जुने होते. नव्या जिल्ह्याचे असते तर असं झालं नसतं.

४ मे, रविवार

आज शेवटचा आणि खात्रीचा उपाय. कडबा. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या गच्च रचल्या की ऊन खाली येतच नाही. लोहा गावाहून टेम्पोने मागवला. या दिवसांत कडबा मिळणं कठीण, पण मी मिळवला.

आणि काय सांगू. चार वाजता पत्र्याला खालून हात लावला तर हात ठेवता आला. रत्नम्मालाही लावायला लावला. तिने हात लगेच काढला नाही.

लोक मात्र विचित्र. नागप्पाने रस्त्यातून ओरडून विचारलं, "गुरुजी, गुरं छावणीत आन् चारा छपरावर?" तिकडे बायका उभ्या राहून हसल्या. दुष्काळातल्या चारा-छावणीकडे चाललेल्या म्हशी आमच्या दारात थांबतात आणि वर बघतात. हाकलल्या तरी हलत नाहीत. म्हशींच्या डोळ्यांत इतका भाव असतो हे मला माहीत नव्हतं. मी दार लावून घेतलं.

६ मे, मंगळवार

सकाळी उठलो तर वर नुसते पत्रे. एक काडी नाही. दारात शेणाच्या पोवट्या.

मी असं ठरवलंय की कडबा मी दान केला. दान गुप्त असावं, इतकं की देणाऱ्यालाही कळू नये.

९ मे

पोस्टात नांदेडचा फोन आला, निरोप पोस्टमनने आणला. इंदू परवा न्हाणीत चक्कर येऊन पडली. पोटाला लागलं नाही. जपायला सांगितलंय.

रत्नम्मा दिवसभर उंबऱ्यात. जेवली नाही. म्हणाली, "तिकडं ठिवायचं तर ठिवू द्या. मी जाते तिच्यापाशी. तुमी बसा पत्र्याखाली." मी समजूत घातली की व्याह्यांनी एकदा थंडावा बघितला की इंदूला आठ दिवसांत इकडे आणू. कुठला थंडावा, असं ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

झोप नाही.

१३ मे, मंगळवार

काल बसव जयंती झाली. उद्या वीरण्णा. सकाळच्या गाडीने.

प्लॅन ठरला. जुनी गोणपाटं. खिडक्यांना, दाराला, पत्र्यावर. ओली करायची, ओलीच ठेवायची. हे आधी का सुचलं नाही? आज टँकर आला. रत्नम्माने उन्हात रांगेत उभं राहून रांजण भरला, दोन हंडे, घागर. पाण्याची सोय झाली म्हणजे सगळंच जमलं.

तिला अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ मे. दुपार.

सकाळी रत्नम्मा शांतम्माकडे पुरणाला गेली. लगेच कामाला लागलो. गोणपाटं भिजवली. खोली गार. खरोखर गार, ओल्या मातीचा वाससुद्धा. गाडी लेट. गोणपाटं वाळली. पुन्हा भिजवली. पत्र्यावरचं पाणी तर चर्र करून जातं, डोळ्यांदेखत. पुन्हा. हंडे संपले. गाडीचा पत्ता नाही. घागर. रांजण. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

शेवटचा तांब्या ओतून खाली उतरलो तर दारात वीरण्णा. ओठ सुकलेले, टोपी हातात. मागून रत्नम्मा धावत आली. पाहुणा उभा, आधी गूळ-पाणी. तिने गुळाचा खडा बशीत ठेवला, तांब्या घेऊन रांजणाकडे गेली.

तांब्या तळाला लागल्याचा आवाज आला. खोलीत चांगला घुमला.

वीरण्णा गूळ हातात धरून उभे. रत्नम्माने माझ्याकडे बघितलंही नाही. पलीकडून शांतम्माने हाक मारली, "अण्णा, इकडं या, पाय धुवा." ते गेले. रत्नम्माही गेली.

तास दोन तास झाले. कोणी आलेलं नाही. खोली अजून गार आहे. बघायला कोणी नाही.

संध्याकाळ.

शेवटी मीच गेलो बोलवायला.

वीरण्णा नागप्पाच्या मधल्या खोलीत झोपले होते. गाढ. छातीपर्यंत नागप्पाची शाल ओढलेली.

उठल्यावर बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, खरं सांगतो. आमचा कूलर नुसता उभा हाय. दुपारची लाइट न्हाई आन् त्यात घालाया पानी न्हाई. स्लॅब रातभर तापून ऱ्हातो. पोरगी भिंतीला ओला पदर लावून बसती. बघवत न्हाई." तेही घर बघायचं निमित्त करून आले होते, म्हणजे कुठेतरी गार जागा मिळते का ते बघायला. मला हे ऐकून एकदम बरं वाटलं, मग लाज वाटली बरं वाटल्याची.

नंतर त्यांनी नागप्पाला विचारलं की ही माती कुठली, इतकी चांगली. नागप्पा पानाला चुना लावत राहिला. शांतम्मा आत गेली. मग नागप्पाच म्हणाला, "गुरुजींचीच की."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी उठून आलो असतो.

रत्नम्मा म्हणाली, "मग इंदूला हितंच ठिवू. माती तर आपलीच हाय." नागप्पा म्हणाला, खोली लेकीचीच समजा. वीरण्णांनी मान हलवली. मला कोणी विचारलं नाही. मी होकार दिला.

१७ मे, शनिवार

इंदू आली. जीपमधून उतरली, पाय केवढे सुजलेले. आमच्या दारावरून सरळ नागप्पाच्या घरात. मी आमच्या उंबऱ्यात उभा होतो. वाकायला लागली, मी वाकू दिलं नाही. म्हणाली, अप्पा, तुम्हीही तिकडेच या. मी म्हटलं, घर राखायला कोणी तरी पाहिजे.

संकल्प: मी पत्रे सोडणार नाही.

१८ मे

डोकं भणभणतं. पण तत्त्व म्हणून काही असतं.

२० मे

दुपारपुरतं तिकडे जातो. इंदूला कविता वाचून दाखवायला.

१९ जून, गुरुवार

मुलगी झाली. काल सकाळी. सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई घरीच आल्या होत्या, सगळं व्यवस्थित. रक्तदाब उतरला. रत्नम्मा रडली, मग माझ्याशी बोलली. चहा घेता का, असं विचारलं.

बाळ वजनाला चांगलं आहे. रंगाने माझ्या आईवर गेलंय. दिवसभर झोपतं. मी बाजेजवळ खाली सतरंजी टाकून असतो. राखायला.

आज दुपारी नातीजवळ आडवा झालो. उठलो तेव्हा रत्नम्मा आमच्या घरून बाळाची दुपटी घेऊन परत आली होती. पदर ओला. केस ओले. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, पाऊस. चांगली मोठी सर येऊन गेली. आपल्या पत्र्यावर असा ताशा वाजत होता की कानठळ्या बसल्या, बरं झालं पोरगी तिथं नव्हती, दचकून उठली असती.

बाहेर येऊन बघितलं. अंगण ओलं. आमचे पत्रे धुऊन निघालेले, उरलासुरला चुनाही गेला. एक थेंब टोकाला लटकून होता, तो पडेपर्यंत थांबलो. खाली मातीत पडला. आवाज नाही.

परत आत येऊन बसलो. नागप्पा म्हणाला, गुरुजी, तुमची माती लई दाट हाय. आम्हालाबी कळलं न्हाई पाऊस आल्याचं.

मीही काही ऐकलं नाही. बाळ झोपलं आहे.