पुस्तकालयातल्या अक्षता

मार्गशीर्ष शु. ३, शके १७८६. अमरावती

पुस्तके नेणाऱ्यांची वही कोरी! दसऱ्यास पुस्तकालय उघडले, त्यास आज त्रेपन्न दिवस झाले. तीनशे बारा पुस्तके. त्यांतील एकही जागचे हललेले नाही.

माणसे येत नाहीत, असे म्हणावे तर तेही नाही. उलट बसावयास जागा पुरत नाही! दुपार कलली की बाराही कमानींखाली मंडळी जमते. सोयरिकी जुळतात, बैलांची तुलना होते, आणि डाकेने वर्तमानपत्र आले की मी विलायतेतील कापसाचा भाव मोठ्याने वाचून दाखवितो. पत्र हातोहात फिरते, फाटते. मात्र कपाटाकडे कोणी हात करील तर शपथ!

आज खुशालराव आले. कापसाच्या या तेजीत दगडी इमारत आणि तिच्यावरचा मनोरा त्यांनीच बांधून दिला. परतवाड्याकडून येणाऱ्या गाडीवानास तो दोन कोसांवरून दिसतो. म्हणाले, "गुर्जी, माहा कापूस उघड्यावर पडून हाय, अन् तुमचे पुस्तकं छपराखाली निजून राहिले!"

जागा सरकारची. पौष वद्य एकादशीस साहेब पाहणीस येणार. पुस्तके वापरात दिसली नाहीत, तर इमारत खुशालरावांच्या कापसाचे गुदाम होणार.

मार्गशीर्ष शु. ६

कारण उमगले— लोकांस पुस्तक हाताळण्याची रीतच ठाऊक नाही! सबब व्याख्यान दिले. विषय : ग्रंथ उघडण्याच्या सात पायऱ्या. पहिली, हात पुसणे. चौथी, बोटास थुंकी न लावता पान उलटणे. ही मी दोनदा करून दाखविली. सभा तल्लीन झाली होती.

शेवटी सर्वांनी कपाटांस लांबून नमस्कार केला आणि घरी गेले.

मार्गशीर्ष शु. ७

वही कोरी.

मार्गशीर्ष व. २

अकोल्याहून केशवराव मास्तरांचे पत्र. त्यांच्या पुस्तकालयात एका पुस्तकासाठी दोघे हमरीतुमरीवर आले म्हणे. "आपणाकडे अशी अडचण नसावी," असे लिहितात. नसावी!

पौष शु. ४

तीन व्याख्याने झाली. इमारतीची रचना, कमानींचे भूमितीय कारण, उजेड डावीकडून का यावा— काही शिल्लक ठेवले नाही. एक म्हातारा म्हणाला, "लई ग्वाड बोलता, गुर्जी. झोप लागली."

पार्वताबाई माळीण मात्र रोज येते. जोडे बाहेर, पदर डोक्यावर; कपाटांच्या कड्यांस झेंडूची माळ अडकविते आणि जाते. दसऱ्यापासून एक दिवस चुकली नाही.

पौष व. ३

आज जे घडले ते क्रमाने लिहितो; क्रम सुटला तर माझाच विश्वास बसणार नाही.

माळ अडकवून पार्वताबाई निघाली. मी तिला अडविले. जास्वंदीचे चित्र असलेले वनस्पतींचे पुस्तक काढून पुढे केले. ती सापावर पाय पडल्यासारखी मागे सरली.

"अवो, हात कसा लावू? देवी बसेल हाय ना!"

"कोणती देवी?"

"तुमीच त बसवली! दसऱ्याले. अन् उठवली कुठं?"

मी खालीच बसलो.

दसऱ्यास भटजी मिळेना, म्हणून पूजा मीच सांगितली होती. पुस्तके मांडली, सरस्वतीचे आवाहन केले, फुले वाहिली— आणि तेवढ्यात इमारतीच्या रचनेवर दोन शब्द बोलावेसे वाटले. ते दोन घटका चालले. साहेब गेले, प्रसाद संपला, मीही घरी गेलो. उत्तरपूजेच्या अक्षता टाकावयाच्या राहिल्या! आणि पूजेत मांडलेल्या पुस्तकास देवी उठविल्यावाचून हात लावू नये, हे तर मी शाळेत मुलांस दरसाल बजावतो. वर्तमानपत्रे पूजेनंतर आली. त्यांस बाधा नव्हती.

"मग तीन महिने बोलली का नाहीस, बाई?"

"आमाले वाटलं, गुर्जी मुहूर्त पाहून राहिले. तुमी एवढे शिकेल. तुमाले कोन सांगाव?"

पौष व. ४

सकाळी स्नान करून उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या. व्याख्यान दिले नाही.

पौष व. ८

वही भरली! नांदगाव खंडेश्वराचा एक पाटील गुरांच्या रोगांचे पुस्तक गाडीत घालून घेऊन गेला. ज्यास वाचता येते तो वाचतो, आळी ऐकते. पार्वताबाईने वनस्पतींचे पुस्तक नेले होते, ते परत आणले. "जास्वंदीले पाच पाकळ्या रायते, गुर्जी. यानं सा काढल्या. बाकी बरं हाय." आणि दुसरे घेऊन गेली.

केशवरावांस सविस्तर पत्र धाडले. आठ पाने.

पौष व. १०

कपाटे साफ रिकामी! एकही पुस्तक उरले नाही. उद्या साहेब येणार. वर्षातील सर्वोत्तम दिवस!

पौष व. ११

साहेबांनी रिकामी कपाटे पाहिली. "पुस्तके कोठे आहेत?"

मी प्रश्नाचे उत्तर मुळापासून दिले. मुद्दा पहिला, आवाहन म्हणजे काय. मुद्दा दुसरा, त्याचा दसऱ्याशी संबंध. तिसऱ्या मुद्द्यास साहेब घोड्यावर बसले होते. वही मी सहाव्या मुद्द्यात दाखविणार होतो.

हुकूम झाला : पुस्तके नाहीत, जागा रिकामी, माघ शुद्ध षष्ठीपासून गुदाम.

वही आधी का दाखविली नाही!

पौष व. १४

मंडळी आली. पुस्तके परत आणली होती. प्रत्येकाने आपले पुस्तक आपल्या हाताने कपाटात लावले. क्रम चुकीचा होता. मी दुरुस्त केला नाही.

जाताना पार्वताबाई म्हणाली, "गुर्जी, वसंतपंचमी जवळ आली. देवी बसवत न्हाई का?"

"आता कशाला, बाई? षष्ठीस कापसाच्या गासड्या येणार."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मंदबुद्धीच्या विद्यार्थ्याकडे मीही असाच पाहत असेन.

"म्हनूनच त," ती म्हणाली.

माघ शु. ५

देवी बसविली. तिथी निर्दोष, विधी यथासांग. अर्धी अमरावती कमानींखाली होती.

माघ शु. ६

खुशालरावांच्या गासड्यांच्या गाड्या दारात आल्या. हमालांनी जोडे काढले, नमस्कार केला आणि ओट्यावर बसून राहिले. बसल्या देवीपुढे गासडी कोण टाकील? खुशालरावांनी स्वतःचेही जोडे काढले.

"गुर्जी, ज्यानं बसवली त्यानंच उठवाव. टाका अक्षता!"

आयुष्यात प्रथमच मी एका वाक्यात उत्तर दिले.

"मंत्र विसरलो."